पाव्हणासनी दुसरी गाडी

व्याही रुसले ते उन्हामुळे, असं मगनआप्पा शेवटपर्यंत म्हणत राहिले. घरातल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं की ते जीपमुळे रुसले. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीच्या, वत्सलाच्या, सासरची माणसं सुरतेकडून आगगाडीनं नंदुरबारला उतरली. माणसं पुष्कळ आणि जीप एक. आप्पांनी पहिल्या खेपेत बायका-पोरं आणि सामान कळसाडीला आणलं. व्याह्यांना म्हणाले, "तुम्ही जरा टेका, मी आलोच." परत जाताना तापीच्या उतारावर, जिथे पाण्यातूनच गाडी न्यावी लागते तिथे, जीप बंद पडली, आणि एवढा मोठा व्यापारी माणूस स्टेशनासमोरच्या ओट्यावर टोपीनं वारा घेत दुपारभर बसून राहिला. घरी पोचल्यावर ते हसले, सांजोऱ्या खाल्ल्या, सगळ्यांची विचारपूस केली. फक्त परत निघताना सुनेला म्हणाले, "तुझ्या बापाकडे गाडी एकच का गं?"

ते वाक्य दिवाळीत वत्सलाबरोबर माहेरी आलं आणि आप्पांच्या घशात अडकून बसलं.

म्हणून चौसष्टच्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या रविवारी, जेवणं उरकल्यावर ओसरीवर सभा भरली. यंदाच्या आखाजीच्या आत पाव्हण्यांना फिरवायला दुसरी गाडी घ्यायची होती. ती खिशाला परवडली पाहिजे आणि पाव्हण्यांना शोभली पाहिजे. धाकटा भाऊ पितांबर त्यासाठी धुळ्याहून आला होता. तो तिकडे कचेरीत नोकरीला होता आणि सुट्टीला तेवढा घरी यायचा. शेजारच्या गावचा उदेसिंग आला होता, कारण ज्यावर माणूस बसू शकतं अशा कुठल्याही वस्तूतलं आपल्याला कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. घरातल्या बायका, म्हणजे आप्पांची बायको जसोदाबाई आणि पितांबरची बायको मंगलाबाई, दाराआड माजघरात उडदाचे पापड लाटत होत्या. त्यांना सभेचं आमंत्रण नव्हतं. ऐकत मात्र त्या सगळं होत्या.

जीप आली होती बावन्न साली. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली, रंग उडालेली, टप नसलेली गाडी. गाव तिला लष्करी म्हणायचं. ते दिवसच वेगळे होते. कळसाडीत पाव्हणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत अंगणात लष्करी घरघरायला लागायची. आप्पा पाव्हण्यांना प्रकाशा गावची देवळं दाखवायचे, कापसाची शेतं दाखवायचे, अंगात आलं तर थेट तोरणमाळच्या घाटात न्यायचे. पाव्हणे धुळीनं पांढरे होऊन आणि घसे बसवून परत यायचे, आणि मग वर्षभर आपापल्या गावी त्याच गप्पा सांगायचे. कुणाचा कोण लागतो ते न विचारता आप्पांनी त्या जीपमध्ये अर्धा खानदेश बसवला असेल. चाक मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

"मन्ही घोडी देखी ल्या, आप्पा," उदेसिंगनं सुरुवात केली. "सारंगखेडाना बाजारनी शे. तिले ना तेल लागस, ना टायर."

"सुरतना व्यापारी नि घोडीवर?" पितांबर म्हणाला. "त्या तं जिना चढतस ते बी गुडघा धरीसन."

"मी बठाडसू नं त्यासले वर."

"नि उतारी कोन?"

माजघरात कुणीतरी हसू दाबलं. उदेसिंगनं दाराकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. घोडी तिथेच बाद झाली, पण तो मनाला लावून घेणारा माणूस नव्हता. त्यानं दुसरा चहा मागवला.

"दादा, शिरपूरकडे एक ठेकेदार शे," पितांबरनं आपलं ठेवणीतलं काढलं. "त्यानी जीप पडेल शे. आपली जशी शे तशीच. स्वस्तात देई तो. एकदा दोन जीपा दारमा उभ्या राहिल्या की व्याही तोंड उघडाव नही."

आप्पांना ते चित्र आवडलं. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दोन जीपा ठीक शे. दुसरी चालाडी कोन?"

पितांबर सतरंजीची दशी ओढायला लागला. "ड्रायव्हर ठेवू."

"मन्हा व्याहीले मी पगारी माणूसना हवाली करू? त्याले रस्तामा बिडी ओढाले उतराडू?"

खरं म्हणजे पितांबरच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती चार वर्षं तिथेच होती. धुळ्यात कचेरीतल्या एका सोबत्याकडे जुनी मोटार होती, आणि रोज संध्याकाळी पांझरेच्या काठानं त्यानं ती चालवायला शिकून घेतली होती. चांगली शिकली होती. पण हे मोठ्या भावाला सांगायचं म्हणजे त्याच्याकडे किल्ली मागण्यासारखंच होतं. ज्या घरात दादा बसल्यावर आपण बसायचं, दादा जेवल्यावर आपण हात धुवायचे, तिथे दादाच्या जीपला मलाही हात लावता येतो असं कोण कसं बोलणार? दुसरी जीप आली असती, तर ती आपोआप त्याच्याकडे आली असती. ठेकेदाराची जीप त्यानं त्याच आशेनं शोधून काढली होती.

आत मंगलाचा पापड कडेला फाटला. तिनं तो पुन्हा गोळा केला.

दुसऱ्या गाडीचं घरात बोलणं सुरू झाल्यापासून तिनं मनात एकच धरलं होतं, दमणी. पूर्वी घरात होती तशी, तट्ट्याच्या टपाची, पुढे-मागे पडदा असलेली, हलकी बैलगाडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला माहेरी नंदुरबारला न्यायला दमणी जुंपायचे. जीप आली आणि आप्पांनी दमणी विकून टाकली. मंगलाला वाटलं होतं, आता तर वर्षातून चार वेळा माहेर होईल. पण जीप चालवणार आप्पा, आणि आप्पा तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठासमोर तिनं कधी तोंड उघडं ठेवलं नव्हतं, त्यांच्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती. मग त्यांच्या मागे उघड्या गाडीत कशी बसणार? वत्सलाची सासू बसू शकत होती, उदेसिंगची बहीण बसू शकत होती, तोरणमाळला तर वाटेत भेटलेल्या बाजारकरणीसुद्धा बसल्या होत्या. मंगला बसू शकत नव्हती. एस.टी.नं जावं म्हटलं, तर आप्पा पितांबरला म्हणाले होते, "दारमा गाडी ऱ्हाईसन आपला घरन्या बाया एस.टी.मा धक्का खातीन का?" आप्पांनी ते प्रेमानं म्हटलं होतं, हे सगळ्यात वाईट. भांडणसुद्धा करता येईना.

तिची आई धनुबाई नंदुरबारला मिरचीबाजारामागे भाच्याकडे राहत होती. तिचे डोळे गेल्या वर्षी पुरते गेले. संक्रांतीपासून तीन निरोप आले होते. तिन्ही निरोपांत एकच होतं, एकदा येऊन जा.

"जिजी," मंगला जसोदाबाईच्या कानाशी लागली, "दमणी म्हना. तुमनं ऐकतीन."

जसोदाबाईंनी लाटणं खाली ठेवलं, आणि दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दमणी लेवा."

ओसरीवरची डोकी दाराकडे वळली.

"दमणी?" आप्पा हसले. "इकेल दमणी परत लेऊ? उदेसिंग, ऐकं का? सगळा मुलूख बैलगाडी सोडीसन मोटारवर चालना, नि आमना घरमा उलटी गंगा वाही ऱ्हायनी."

"आमले लागस दमणी."

"तुमले लागस ते माले माहीत शे. तुमले दोन्हीसले जीपमा चक्कर येस. बारा वरीस व्हयनात, ऐकी ऱ्हायनू मी. पन हाई गाडी पाव्हणासनी शे, जसोदा. बायासना चक्करसाठे पाव्हणासले बैलगाडीमा बठाडू का?"

उदेसिंग मोठ्यानं हसला. पितांबरही थोडा हसला, कारण हसायची जागा होती.

जसोदाबाई उठल्या. पिठाचे हात पदराला पुसत त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. उदेसिंग आप्पांपेक्षा लहान, तो त्यांना भाभी म्हणायचा, त्यामुळे त्याच्यापुढे यायला त्यांना आडकाठी नव्हती. तरी सभा चालू असताना त्या उंबऱ्यात कधी आल्या नव्हत्या.

"माले चक्कर येत नही," त्या म्हणाल्या. "कधीच येत नव्हती."

आप्पांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"खोटं बोली ऱ्हायंतू मी. बारा वरीस."

"कसाले?"

"मी तुमना शेजारे मिरवीसन बठू, नि मन्ही मंगला चूलजवळ ऱ्हाई? तुम्ही तिन्हा जेठ. तुम्ही चालाडतस तठलोंग ती बठू शकत नही. मांगला बाजूले पडदा लावता, तं तुम्ही तो मोठा आरसा बसाडी लिधा मधमा. आरसामा तिन्हं तोंड दिखाव नही का? ज्या गाडीमा ती बठू शकत नही, त्या गाडीमा माले काय सुख? म्हनीसन म्हनं, चक्कर येस. मंग ती बी म्हनाले लागनी, माले बी येस."

"मंग बोलनं नही का एक डाव!"

"कसं बोलू? त्या गाडीवर हात फिरावतस तवय तुम्ही लहान पोऱ्यासारखा दिखतस. मन्हा तोंडमाईन शब्दच निंघे ना."

माजघरात मंगला लाटणं हातात धरून तशीच बसली होती. तिला खरंच वाटायचं की जिजीला चक्कर येते. पाव्हणे आले आणि कुणी जिजीला "चला हो, बसा की" म्हणून आग्रह केला, की मंगला तिच्या चक्करीसाठी मुकाट्यानं आवळ्याचं सरबत करून ठेवायची. कधी कधी तिच्या मनात यायचं, ही बाई सुखानं बसू शकते आणि बसत नाही, किती दळभद्री नशीब. बारा वर्षं ती त्या बाईची कीव करत आली होती. आता तिला रडू कोसळलं. पापडाच्या पिठावर टिपं पडू नयेत म्हणून तिनं पाट पायानं दूर सारला.

"गाडी कोनती लेवानी ते माले इचारू नका," जसोदाबाई बाहेर बोलतच होत्या. आवाज आता खाली आला होता. "चालाडनारा कोन, ते पहिले ठरावा. पितांबरभाऊ चाकवर बठनात, तं तिले लाज काढानी, तोंडवर पदर ओढानी गरज नही, तिन्हा नवरा शे तो. माले बी नही, मन्हा देर शे. मी तिन्हा शेजारे बठसू, मंग कोनी नाव ठेवाव नही. तिन्ही माय आंधळी व्हयनी. बोलाई ऱ्हायनी तिले. आजून किती डाव निरोप धाडी ती?"

बायकोची आई आंधळी झाली हे पितांबरलाही माहीत होतं. आपण त्यात काही करू शकतो हे त्याला सुचलंच नव्हतं. शिरपूरपर्यंतच्या सगळ्या मोटारी डोळ्यांसमोर आणल्या, पण आपल्या अंगणातली आणली नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

आप्पा उठले आणि अंगणात गेले. लष्करी कडुनिंबाखाली उभी होती. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

त्यांना अठ्ठावन्न साल आठवत होतं. मंगलाच्या वडिलांचं काही खरं नाही असा निरोप आला, तेव्हा आप्पांनीच पहिल्यांदा जीप काढली होती. मंगला आली नाही. जसोदा म्हणाली, तिला चक्कर येते, बैलगाडीनंच जाऊ. शेतीची गाडी जुंपली, वर चादर बांधली, दोघी जावा आत बसल्या. आप्पा मग रिकामी जीप घेऊन त्या गाडीच्या मागे निघाले. घरची सून एकटी कशी जाऊ द्यायची? बैलाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, कळसाडीपासून नंदुरबारपर्यंत. इंजिन तापून वाफा येत होत्या. चार मोकळ्या जागा आणि पुढे चादरीआड हुंदके. पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. त्या दिवशी आप्पांना बायकांच्या हट्टाचा राग आला होता, आणि आपण तिच्याशी भावासारखे वागलो म्हणून थोडा अभिमानही वाटला होता. आता त्या अभिमानाचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांचे डोळे भरून आले. पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही, आणि गाडी मागे रिकामी चालली होती.

ते परत ओसरीवर आले.

"पितांबर," आप्पा म्हणाले, "तुले चालाडता येस का रे?"

"येस, दादा."

"कवयपासून?"

"चार वरीस व्हयनात. धुळे शिकनू."

"माले सांगं नही."

"तुम्ही इचारं नही, दादा."

या घरात आपल्याला कुणीच काही सांगत नाही, असं आप्पांच्या मनात आलं. आणि मग, सांगावं असं आपण ठेवलं तरी कुठे, असंही आलं. त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि भावाच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली. हातात देणं त्यांना जमलं नाही.

"सकाळे ली जाय दोन्हीसले नंदुरबार. चढावर क्लच दाबीसन धरू नको, जळी जास."

"नि पाव्हणा?" उदेसिंगला राहवेना. "आखाजीनं काय?"

"पाव्हणासले दमणी," आप्पा म्हणाले. "मी हाकसू. व्याहीना गावमा मोटारी पैशाले पासरी पड्यात. दमणी कोठे देखी त्यानी? चांगला खिल्लारी जुपसू, घुंगरू बांधसू, नि एक खेपमा आनसू. व्याही दमणीमा, बाकीना जीपमा."

"आनि घोडी?"

"तुन्ही घोडी तूच बठ," जसोदाबाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा जीपजवळ पाना घेऊन उभे होते. मधला आरसा काढत होते.

"आते कसाले काढतस?" जसोदाबाई म्हणाल्या. "चालाडनारा पितांबर शे."

आप्पांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी आरसा पुन्हा बसवला. मंगला पदर ओढून खांबाआड उभी होती, तिच्याकडे न पाहता ते बायकोला म्हणाले, "तिले सांग, नदीले पानी कमी शे. घाबरानं काम नही. नि मायले मन्हा रामराम सांगजो."

मंगला जसोदाबाईकडे वळून हळूच म्हणाली, "त्यासले सांगा, सांगसू."

दोघांनाही दोघांचं ऐकू गेलं होतं. तरी जसोदाबाईंनी ते इकडून तिकडे पोचवलं, जसं नेहमी पोचवायच्या.

वेस ओलांडली तशी जसोदाबाईंनी मंगलाचा पदर मागे सारला. "आते कोनी नही आठे. देख." मंगलानं पाहिलं आणि मग पाहतच राहिली. लोणखेड्याच्या पुढे ऊस होता, त्याच्या मधून पाट वाहत होता. प्रकाशाला घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटत होत्या. उतारावर पाणी अर्ध्या चाकांपर्यंत आलं तेव्हा ती ओरडली, आणि पितांबर मागे वळून हसला. असं बायकोकडे बघून उघडपणे हसायची त्याची ती पहिलीच वेळ असावी. नदी ओलांडल्यावर जसोदाबाईंना खरोखरच गरगरलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त बाजूची दांडी घट्ट धरून ठेवली.

नंदुरबारच्या शिवेवर मिरच्यांच्या पथारी अजून उचललेल्या नव्हत्या. शेतंच्या शेतं लाल. तिघंही शिंकत शिंकत मिरचीबाजारामागच्या बोळात पोचले.

धनुबाई दारातल्या खाटेवर बसल्या होत्या. जीपचा आवाज ऐकून त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "कोन पाव्हणा उनात रे?"

"पाव्हणा नही, माय. मी."

धनुबाईंनी हात पुढे केले. लेकीचं कपाळ, गाल, हनुवटी चाचपली. केसांत धूळ लागली तशा थांबल्या. "पडदामा इतली धूळ कशी व?"

"पडदा नही. जीपमा उनू. उघडी गाडी शे, चारी बाजूले मोकळी."

"उघडी?" म्हातारीनं विचारलं. जसोदाबाई पाणी आणायला आत गेल्या होत्या, पितांबर बाहेर जीपभोवती जमलेल्या माणसांना उत्तरं देत होता. "मंग तू वाट देखी व्हशी."

"सगळी देखी, माय."

"कशी शे?"

मंगला हसली. "तुले माहीत नही का? तुन्हं माहेर लोणखेडानं. जलमभर तीच वाट नही का तुन्ही?"

"जलमभर गई, पन पडदामा. डोया व्हतात तवय मधमा पडदा व्हता," धनुबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, उत्सुकता होती. त्यांनी पाय खाटेवर घेतले आणि लेकीला जागा करून दिली. "सांग माले."

मंगला आईच्या कुशीशी बसली. तिनं कळसाडीच्या वेशीपासून सुरुवात केली. वेशीबाहेरचा पिंपळ सांगितला, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेले ढीग सांगितले, विहिरीवर मोट हाकणारा माणूस सांगितला. मग लोणखेड्याची पहिली घरं आली, आणि धनुबाईंनी तिचं मनगट धरलं.

"धीरे," त्या म्हणाल्या. "आठे जरा धीरे चालाड."